आठ डॉलर भाड्याची खोली आणि साठ चित्रे

चित्रकाराचे वर्ष कसे जाते हे आपल्या घरांतून फारसे कोणाला ठाऊक नसते. रेल्वेतल्या, गोदीतल्या, नगरपालिकेतल्या माणसाचे वर्ष आपल्याला कळते. पाळी, पगार, ओव्हरटाइम, रजा, बोनस, सगळे डोळ्यांसमोर असते. पण एखादा माणूस वर्षभर एका खोलीत बसून चित्रे काढतो म्हणजे नेमके काय करतो? खोलीचे भाडे कोण भरतो? रंग कुठून येतात? त्याच्या घरची चूल कशी पेटते? १४ एप्रिलला वस्तीतल्या मंडपासाठी बाबासाहेबांचे मोठे चित्र रंगवून देणारा पेंटर आपण पाहतो, त्याच्या हाताचे कौतुक करतो आणि जयंती संपली की त्याला विसरून जातो. म्हणूनच अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय चित्रकाराच्या एका वर्षाचा हिशेब आज वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

या चित्रकाराचे नाव जेकब लॉरेन्स. वर्ष १९४० ते १९४१. ठिकाण न्यूयॉर्क शहरातली हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तेव्हा लॉरेन्स अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. हातात पदवी नव्हती. हायस्कूलही अर्ध्यावर सुटलेले होते. त्या एका वर्षात त्यांनी साठ चित्रांची एक मालिका पूर्ण केली, आणि त्या साठ चित्रांत आपल्या समाजाचे सबंध स्थलांतर बसवले.

हार्लेम हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते हार्लेमला लागूनच आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आलेला हा तरुण ग्रंथालयात रात्रंदिवस वाचत होता, त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागातून काळी माणसे बोचकी बांधून उत्तरेकडच्या गाड्यांत बसू लागली होती. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारा मजूर थांबला होता. शिकागो, पिट्सबर्ग, न्यूयॉर्कच्या कारखान्यांना हात हवे होते. दक्षिणेत कापसाच्या पिकावर बोंडातला किडा पडला होता, पुराने शेते धुऊन नेली होती. जमीन गोऱ्या मालकाची, कसणारा काळा, आणि वर्षअखेर हिशेब मालकाच्या वहीत. आपल्याकडच्या अर्धेलीने कसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. त्यात जरा मान वर केली की झुंडीने पकडून झाडाला फास देण्याची भीती. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती, पण माणूस मोकळा झाला नव्हता. १९७० सालापर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून निघाले.

लॉरेन्स यांचे आईवडील याच लोंढ्यातले. आई व्हर्जिनियाची, वडील दक्षिण कॅरोलिनाचे. जेकबचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी अटलांटिक सिटी या गावी झाला. पुढे आईवडील वेगळे झाले. आईने मुलांना फिलाडेल्फियात दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवले आणि कामाच्या शोधात ती एकटी न्यूयॉर्कला गेली. लोकांच्या घरची कामे करून जम बसवला, तेव्हा तिने मुलांना जवळ बोलावले. हार्लेमला आला तेव्हा जेकब तेरा वर्षांचा होता.

आई दिवसभर कामावर. मुलगा रस्त्यावर वाया जाऊ नये म्हणून तिने त्याला शाळा सुटल्यावर 'यूटोपिया हाऊस' नावाच्या मुलांच्या केंद्रात घातले. तिथे चार्ल्स अल्स्टन हे तरुण कृष्णवर्णीय चित्रकार मुलांना शिकवीत. हा मुलगा खोकी घेऊन बसायचा, खोक्याच्या आतल्या बाजूंवर हार्लेमच्या रस्त्यांची, दुकानांची चित्रे रंगवायचा. घरातल्या गालिच्यांवरची नक्षी पाहून त्याला चौकोन, त्रिकोण, पट्टे यांचे वेड लागले होते. अल्स्टन यांनी एक शहाणपणा केला. मुलाचा हात धरून 'असे नाही, तसे काढ' असे त्यांनी म्हटले नाही. कागद दिला, रंग दिले, आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले. आपल्या मुलांनी वहीच्या मागच्या पानावर काही रेघोट्या काढल्या की आपण 'अभ्यास कर' म्हणून ओरडतो. त्या मातांनी आणि पित्यांनी हे एवढे वाक्य पुन्हा वाचावे.

एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत

मंदीचे दिवस होते. जेकबची शाळा सुटली. लाँड्रीत काम केले, छापखान्यात काम केले. संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायचे, आणि मन करील तेव्हा साठाहून अधिक गल्ल्या पायी तुडवीत मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जुन्या युरोपीय गुरूंची चित्रे पाहायला जायचे, असा त्याचा क्रम होता.

इथे एका स्त्रीचे ऋण नमूद केलेच पाहिजे. ऑगस्टा सॅव्हेज या कृष्णवर्णीय शिल्पकार हार्लेममध्ये कलाशाळा चालवीत. मंदीत बेकार झालेल्या कलावंतांना सरकार आठवड्याच्या पगारावर काम देत होते. सॅव्हेजबाई जेकबला घेऊन त्या कचेरीत गेल्या. तिथे कळले की वय एकवीस हवे, हा मुलगा लहान आहे. दोघे परत आले. मुलगा ही गोष्ट विसरूनही गेला. बाई विसरल्या नाहीत. तो एकवीस वर्षांचा होताच त्यांनी त्याला पुन्हा त्याच कचेरीत नेऊन उभे केले आणि नाव घालून घेतले. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट पगार सुरू झाला. सॅव्हेजबाईंनी त्या वेळी हात धरला नसता तर आपण चित्रकार झालोच नसतो, असे लॉरेन्स म्हातारपणीही सांगत. समाजात अशी वय लक्षात ठेवणारी माणसे लागतात. भाषणे करणारे पुष्कळ असतात.

दीड वर्षाच्या त्या नोकरीने पोट भरले आणि हात बसला. याच सुमारास त्यांनी हैतीच्या गुलामांच्या बंडाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर याच्यावर ४१ चित्रे काढली. मग गुलामगिरीतून पळून जाऊन लेखणी उचलणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावर ३२, आणि गुलामांना रातोरात पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्यावर ३१. एका चित्रात इतिहास मावत नाही, म्हणून मालिका. हे त्यांचे साधे गणित होते.

खोली, फळ्या आणि अस्तर

१९४० साली लॉरेन्स यांना रोझेनवाल्ड निधीची १,५०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. या निधीने दक्षिणेत काळ्या मुलांसाठी हजारो शाळा बांधायला मदत केली होती. सरकारी पगाराच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे ६३ आठवड्यांच्या कमाईएवढी होते. म्हणजे वर्षभर, काटकसरीने सव्वा वर्ष, दुसऱ्या कोणाचे काम न करता स्वतःचे काम करण्याची मोकळीक. ही मोकळीक श्रीमंताच्या मुलाला जन्मतः असते. गरिबाच्या मुलाला ती कोणीतरी द्यावी लागते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने काय घडले ते आपण जाणतोच.

त्यांनी १२५व्या रस्त्यावर एक खोली भाड्याने घेतली. भाडे महिना आठ डॉलर; वर्षाचे झाले ९६. त्याच इमारतीत कवी क्लॉड मॅके आणि चित्रकार रोमेर बेअर्डन यांच्याही खोल्या होत्या. म्हणजे जिना चढता-उतरताच चर्चा व्हायची, एकमेकांचे काम पाहिले जायचे.

पण काम खोलीत सुरू झाले नाही. ते ग्रंथालयात सुरू झाले. १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आर्तुरो शोंबर्ग या गृहस्थांनी जन्मभर जमवलेला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह होता. लहानपणी एका शिक्षकाने 'काळ्यांना इतिहासच नाही' असे म्हटले, आणि ते खोटे पाडण्यासाठी शोंबर्ग पुस्तके जमवू लागले, असे सांगतात. तिथे बसून लॉरेन्स यांनी जुनी वर्तमानपत्रे, अहवाल, ग्रंथ वाचले, टिपणे घेतली. त्या टिपणांतून आधी साठ ओळी तयार केल्या. प्रत्येक चित्राखाली काय लिहायचे, ते चित्राच्या आधी ठरले. या लेखनात त्यांना ग्वेन्डोलिन नाइट या चित्रकार मैत्रिणीने मदत केली. त्या मूळच्या कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरच्या आणि सॅव्हेजबाईंच्याच विद्यार्थिनी.

मग हार्डबोर्डाच्या साठ फळ्या आल्या. प्रत्येक फळी १२ इंच बाय १८ इंच, भिंतीवरच्या कॅलेंडरएवढी. आपल्याकडे पाट्या रंगवणारे पेंटर आधी अस्तर मारतात, तसे या साठही फळ्यांना पांढरे अस्तर मारावे लागले. तेही ग्वेन्डोलिन यांनीच लॉरेन्स यांच्या बरोबरीने केले. रंग होता केसिनचा. दुधातल्या केसिनमध्ये रंगाची पूड घोटून हा रंग करतात. लवकर वाळतो, तैलरंगापेक्षा स्वस्त पडतो आणि चुन्याच्या भिंतीसारखा चकाकी नसलेला, सपाट दिसतो.

खरी कमाल पुढे आहे. लॉरेन्स यांनी एक चित्र पूर्ण करून दुसरे घेतले असे केले नाही. साठ चित्रे त्यांनी एकदमच रंगवली. आधी सर्वात गडद रंग घ्यायचा, आणि ज्या ज्या फळीवर तो हवा त्या त्या फळीवर लावायचा. मग त्याच्यापेक्षा फिका, मग त्याहून फिका. त्यामुळे पहिल्या चित्रातला निळा आणि साठाव्या चित्रातला निळा एकच राहिला. साठ चित्रे ही आपल्या मनात एकच चित्र होती, असे ते पुढे म्हणत. महिनोन् महिने त्या खोलीत एकही चित्र पुरे झालेले नसेल, आणि सगळी चित्रे थोडी थोडी पुढे सरकत असतील. असे काम करायला धीर लागतो. भाड्याची चिंता असलेल्या माणसाला तो धीर परवडत नाही.

चित्रांत काय आहे

पहिल्या चित्रात रेल्वे स्टेशन आहे. तीन दारांवर तीन पाट्या: शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस. खाली टोप्या, कोट, बोचकी यांची दाटी. चेहरे ओळखू येत नाहीत, कारण तो कोणा एकाचा प्रवास नाही. पुढे पाहत जावे तसे आपल्याच आजा-पणजांची गोष्ट कोणी सांगत आहे असे वाटू लागते. वाडग्यांपुढे मान खाली घालून बसलेले एक गरीब जोडपे. डोक्यावर ओझी घेतलेली मुले, शाळेच्या वयात कामाला जुंपलेली. उत्तरेतून आलेले पत्र अंथरुणावर पडून वाचणारी बाई. मुंबईहून गावी येणाऱ्या पत्राची वाट आपल्या घरांतूनही अशीच पाहिली गेली आहे. काळ्यांनी काढलेली वर्तमानपत्रे वाचणारी माणसे. त्या पत्रांनीच 'निघा, इथे या' असे लोकांना सांगितले. पत्र समाजाला कसे हलवते हे 'मूकनायक'च्या वारसांना कळेल.

पंधराव्या चित्रापुढे माणूस थबकतो. विषय झुंडीने दिलेल्या फाशीचा आहे, पण चित्रात प्रेत नाही. एक उघडी फांदी, तिच्यावरून लोंबणारा रिकामा फास, आणि खाली दगडावर गुडघ्यात डोके घातल्यासारखे वाकून बसलेले एक माणूस. बाई की पुरुष, तेही नीट कळत नाही. मागे काही नाही. अत्याचाराचे चित्र रक्त न दाखवताही काढता येते, आणि ते जास्त काळ मनात राहते, हे तेवीस वर्षांच्या पोराला कसे सुचले असेल!

उत्तरेत पोहोचल्यावर सुख लागले असेही त्यांनी दाखवलेले नाही. एका खोलीत खाटांच्या रांगा. हॉटेलात गोऱ्यांची टेबले इकडे, काळ्यांची तिकडे, मधे पिवळा दोर. क्षय आणि मृत्यू. १९१७ सालची ईस्ट सेंट लुईसची दंगल. मालकांनी संप मोडण्यासाठी काळ्या मजुरांना आणले म्हणून गोरे मजूर त्यांच्या जिवावर उठले, हेही आहे. इथे आपल्याला मुंबईच्या गिरण्यांची आठवण होते. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गाव सुटले तरी जात सुटली नाही. तिकडे रंग सुटला नाही.

त्रेपन्नावे चित्र आपल्या वाचकांपैकी काहींना झोंबेल. भारी कपडे घातलेले एक कृष्णवर्णीय जोडपे ऐटीत चालले आहे. उत्तरेत आधीपासून स्थिरावलेले हे लोक खेड्यातून नव्याने आलेल्या आपल्याच बांधवांकडे तुच्छतेने पाहत, असे त्या चित्राचे म्हणणे आहे. लॉरेन्स यांनी गोऱ्यांचा हिशेब मांडला, तसा आपल्यांचाही मांडला. १९५६ साली आग्र्याला शिकल्यासवरलेल्यांविषयी बाबासाहेबांनी बोलून दाखवलेली खंत इथे आठवावी.

मात्र त्याच हार्लेममध्ये दुसरी रीतही होती. 'आणखी एक कुटुंब आले आहे' असे शेजारी एकमेकांना सांगत, आणि नव्या बिऱ्हाडाला कोळसा, जुने कपडे नेऊन देत. लॉरेन्स यांनी लहानपणी हे कानांनी ऐकले होते. मालिकेचे बीज त्यात असावे असे मला वाटते.

शेवटच्या काही चित्रांत स्त्रिया आणि मुली येतात. सत्तावन्नाव्या चित्रात पांढरा झगा घातलेली एक धोबीकाम करणारी बाई लांब काठीने रंगीबेरंगी कपडे ढवळते आहे. अठ्ठावन्नाव्यात तीन मुली पाठमोऱ्या उभ्या राहून फळ्यावर आकडे लिहीत आहेत: दोन, तीन, चार. पुढच्या चित्रात मतदान. आणि साठाव्यात पुन्हा स्टेशन, पुन्हा गर्दी. गाडीची वाट पाहणारी माणसे आपल्याकडे तोंड करून उभी आहेत, अजून येतच आहेत.

न पाहिलेला मुलूख

गंमत म्हणजे दक्षिणेची ही सारी चित्रे काढली तोवर लॉरेन्स यांनी दक्षिण पाहिलेलीच नव्हती. आईच्या तोंडून ऐकलेले, शेजाऱ्यांचे बोलणे आणि ग्रंथालयातली पुस्तके एवढ्या भांडवलावर ती काढली. २४ जुलै १९४१ रोजी त्यांनी ग्वेन्डोलिन यांच्याशी विवाह केला आणि नवे जोडपे न्यू ऑर्लिन्सला गेले. तिथे बसमध्ये काळ्यांना मागे बसावे लागे. पुस्तकात वाचलेले आता अंगावर आले.

ते तिकडे असतानाच न्यूयॉर्कमध्ये चक्रे फिरली. कृष्णवर्णीय विचारवंत अलेन लॉक यांच्या प्रयत्नाने ही चित्रे एडिथ हॅल्पर्ट यांच्या 'डाउनटाउन गॅलरी'पर्यंत पोहोचली. नोव्हेंबर १९४१ मध्ये 'फॉर्च्यून' या धनिकांच्या मासिकाने त्यांतील २६ चित्रे रंगीत छापली. गॅलरीत प्रदर्शन झाले. आणि मग दोन संग्रहालयांत ओढाताण सुरू झाली. न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय आणि वॉशिंग्टनचे फिलिप्स संग्रहालय, दोघांनाही मालिका हवी होती. शेवटी वाटणी झाली: विषम आकड्यांची तीस चित्रे वॉशिंग्टनला, सम आकड्यांची तीस न्यूयॉर्कला. प्रत्येकाने हजार-हजार डॉलर मोजले. ज्याला साठ चित्रे म्हणजे एकच चित्र वाटत होते, त्याच्या कामाचे असे दोन भाग झाले. स्टेशनवरून निघालेली गर्दी एका शहरात आणि शेवटच्या स्टेशनवर थांबलेली गर्दी दुसऱ्या शहरात. संग्रहालयांची पद्धत मला तरी पटत नाही. पण दोन मोठ्या संस्थांच्या भिंती एकदम मिळाल्या, हेही खरे. मधून मधून दोघी आपापली तीस आणून साठ एकत्र मांडतात. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये तसे प्रदर्शन झाले.

यश मिळाले म्हणून पुढचे आयुष्य गुळगुळीत झाले नाही. महायुद्धात ते तटरक्षक दलात होते. १९४९ साली मनाची उदासी इतकी वाढली की ते आपण होऊन इस्पितळात दाखल झाले, बरेच महिने राहिले, आणि बरे होता होता तिथल्या रुग्णांचीच चित्रे त्यांनी काढली. मनाच्या आजाराला लपवण्याची आपल्याकडे अजून सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. १९७१ साली ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. सुतारकामाची हत्यारे जमवण्याची त्यांना हौस होती; रंधा, हातोडी, करवत घेऊन घरे बांधणारी माणसे हा त्यांच्या उतारवयातला आवडता विषय होता. १९९३ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, त्यांनी त्या साठ चित्रांखालच्या ओळी पुन्हा हाती घेतल्या आणि बदलत्या काळाप्रमाणे सुधारून लिहिल्या. मालिकेच्या नावातला जुना 'निग्रो' शब्दही आता गेला आहे. ९ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते काम करीत होते.

ग्वेन्डोलिन नाइट यांचे काय झाले, असे आमच्या भगिनी विचारतील. साठ फळ्यांना अस्तर मारणारे ते हात स्वतःही चित्रे काढतच होते. पण नवऱ्याचे नाव मोठे झाले तसे त्यांचे काम मागे राहिले. माणसांची व्यक्तिचित्रे, नर्तकी, मांजरे, घोडे हे त्यांचे विषय. त्यांच्या सबंध आयुष्यातल्या कामाचे मोठे प्रदर्शन वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा कला संग्रहालयाने २००३ साली भरवले. तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.